मिनीमावशी, खिडकी उघड!

दर वर्षी १३ ऑक्टोबरला दुपारी पिट्सबर्गच्या ओकलंड भागात विटांच्या एका जुन्या भिंतीसमोर माणसं जमतात. घरून आणलेल्या फोल्डिंगच्या खुर्च्या, पायरेट्स या इथल्या बेसबॉल टीमच्या विटलेल्या टोप्या, थर्मासातली कॉफी आणि मधे एक स्पीकर. स्पीकरवर १९६० सालच्या एका बेसबॉल मॅचची रेडिओ कॉमेंट्री लावलेली असते, अगदी पहिल्या चेंडूपासून. मी हे पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला इथे येऊन जेमतेम दीड महिना झाला होता, मी आपली लायब्ररीतून बसस्टॉपकडे चालले होते, आणि एवढी माणसं खाली मान घालून गप्प बसलेली बघून मला वाटलं कुणीतरी गेलंय आणि ही शोकसभा आहे, म्हणून मीही उगाच मान खाली घालून हळू चालायला लागले. तेवढ्यात सगळे एकदम ओरडले, टाळ्या, शिट्ट्या. शोकसभेत असं करत नाहीत एवढं मलाही कळत होतं.

ती भिंत म्हणजे फोर्ब्स फील्डचं उरलेलं तुकडाभर कुंपण. १९०९ साली बांधलेलं ग्राउंड, १९७० ला शेवटची मॅच झाली, पुढच्या वर्षी पाडलं. आता तिथे युनिव्हर्सिटीच्या इमारती आहेत. भिंतीवर ४५७ फूट असा आकडा अजून रंगवलेला दिसतो, बॅटर उभा राहतो तिथपासूनचं अंतर, आणि बॅटरच्या पायाशी असणारी ती होम प्लेट शेजारच्याच एका इमारतीत जमिनीत काचेखाली बसवलीय. पोरं बॅगा सांभाळत, पिझ्झा खात त्यावरून क्लासला जातात. मीही दोन वर्षं गेले असेन, खाली न बघता.

बेसबॉल मला अजूनही नीट कळतो असं नाही. पण रेडिओवर मॅच ऐकणं म्हणजे काय ते मला व्यवस्थित कळतं, कारण मी मिरजेच्या एका घरात वाढले जिथे अण्णा (माझे वडील) फडताळावरच्या रेडिओला कान लावून बाळ ज. पंडितांची मराठी कॉमेंट्री ऐकायचे आणि कॅलेंडरच्या फाडलेल्या पानाच्या मागे स्कोअर लिहायचे. आई म्हणायची, उद्या पेपरात येतंय की सगळं. अण्णांनी ब्रेबॉर्न स्टेडियम जन्मात बघितलं नव्हतं. तरी चर्चगेट एंड म्हटलं की ते आमच्या स्वयंपाकघराच्या दाराकडे बोट दाखवायचे, म्हणजे माझ्या डोक्यात बोलर बरीच वर्षं फोडणीच्या धुरातून पळत यायचा. ते बोट आठवतं, म्हणून ही भिंत मला सोडवत नाही.

तर या भिंतीच्या आत, ५ ऑगस्ट १९२१ ला, हॅरल्ड आर्लिन नावाचा पंचवीस वर्षांचा इंजिनिअर होम प्लेटच्या मागच्या बॉक्समध्ये तिकीटवाल्या प्रेक्षकांबरोबरच बसला आणि टेलिफोनचा माइक करून त्यात बोलायला लागला. वेस्टिंगहाऊस कंपनीत नोकरी, आणि कंपनीचंच केडीकेए हे रेडिओ स्टेशन. स्टेशनला वर्षही झालं नव्हतं, २ नोव्हेंबर १९२० ला अध्यक्षपदाच्या निवडणुकीचा निकाल सांगून ते सुरू झालेलं. पायरेट्स विरुद्ध फिलाडेल्फियाचे फिलीज, पायरेट्स ८-५ असे जिंकले. मेजर लीग बेसबॉलची, म्हणजे इथल्या सगळ्यात वरच्या लीगची, रेडिओवरची ही पहिली मॅच. आर्लिननी असं काही करायचं ठरवलं कारण करून बघू, बस्स. मोठा काही प्लॅन नव्हता. नंतर ते सांगायचे की आपलं कुणी ऐकतंय का हवेत बोलतोय हेच कळायचं नाही, कधी ट्रान्समीटर बंद पडायचा, कधी लोकांच्या आरडाओरड्यात आवाज बुडायचा. कॉमेंट्री कशी करतात हे शिकवायला कुणी नव्हतं. कारण त्याआधी बेसबॉलची कुणी केलीच नव्हती.

आर्लिनचा एक किस्सा मला फार आवडतो. बेब रूथ, म्हणजे त्या काळातला सगळ्यात मोठा स्टार, त्याला स्टेशनवर बोलवलं. आर्लिननी त्याच्यासाठी छोटंसं भाषण लिहून ठेवलं होतं. माइकसमोर आल्यावर रूथची दातखीळच बसली, हजारो लोकांसमोर बॅट फिरवणारा माणूस एक शब्द बोलेना. मग आर्लिननीच कागद घेतला आणि स्वतः बेब रूथ असल्यासारखं भाषण वाचून टाकलं, खरा रूथ बाजूला भिंतीला टेकून उभा. नंतर स्टेशनला पत्रं आली, रूथचा आवाज किती छान आहे म्हणून.

म्हणजे बघा, रेडिओवरच्या बेसबॉलमध्ये थापेबाजी अगदी पाळण्यापासूनच आहे. थापेबाजी हा शब्द मी प्रेमाने वापरतेय.

त्याच वर्षी ऑक्टोबरात वर्ल्ड सीरिज (सीझनच्या शेवटी अजिंक्यपदासाठी होणाऱ्या मॅच) झाली, जायंट्स आणि यांकीज, दोन्ही न्यूयॉर्कच्या टीम आणि सगळ्या मॅच एकाच ग्राउंडवर. शेजारच्या नूअर्कमधल्या डब्ल्यूजेझी स्टेशननी जुगाड असा केला की पेपरचा एक बातमीदार ग्राउंडवरून फोनवर सांगणार आणि कारखान्याच्या गच्चीवरच्या खोपटात टॉमी कोवन नावाचा अनाउन्सर कानाला फोन लावून ते जसंच्या तसं माइकमध्ये बोलणार. कोवनला मॅच दिसत नव्हती, पहिल्या दिवशी तास न् तास तो नुसता पोपटासारखा बोलत राहिला. असं सांगतात की मॅच संपल्यावर कुणीतरी विचारलं कोण जिंकलं, तर तो म्हणाला मला काय माहीत, मी फक्त इथे काम करतो. मला हे शंभर टक्के पटतं. परीक्षेत पेपर लिहून बाहेर आल्यावर काय लिहिलं ते आठवत नाही, तसंच की.

खरी मजा मात्र ग्रॅहम मॅकनामीपासून सुरू होते. हा मूळचा गायक. १९२३ साली न्यूयॉर्कच्या कोर्टात ज्युरी म्हणून ड्युटी लागली होती, जेवणाच्या सुट्टीत सहज चालत चालत ब्रॉडवेवरच्या १९५ नंबरच्या बिल्डिंगमधल्या डब्ल्यूईएएफ या स्टेशनात शिरला, आवाज ऐकवला आणि नोकरी लागली. सुट्टीत लोक चहा पितात, हा नशीब बदलून आला. त्याच वर्षीच्या वर्ल्ड सीरिजला त्याला एका नामवंत खेळ पत्रकाराचा मदतनीस म्हणून पाठवलं. पत्रकारसाहेब बिल मॅकगीहान, लिहिण्यात वाघ, पण बोलायचा त्यांना कंटाळा यायला लागला आणि सीरिज अर्ध्यावर असतानाच ते माइक मॅकनामीकडे देऊन निघून गेले.

मॅकनामीला बेसबॉलमधलं फार कळत नव्हतं, आणि हे तो फारसं लपवतही नव्हता. नावं चुकायची, खेळाडूंची अदलाबदल व्हायची, रनर कुठल्या बेसवर आहे याचा गोंधळ. पण त्याला आवाज होता, आणि आपल्याला जे दिसतंय ते समोरच्याला दिसत नाहीये याची जाणीव होती, ती त्या पत्रकारांना नव्हती. पत्रकार माणूस काय करतो, चेंडू पडला की सांगतो आणि पुढचा पडेपर्यंत गप्प बसतो, कारण पेपरात मधली शांतता छापायची नसते. रेडिओवर ती शांतता म्हणजे रेडिओ बिघडला. बेसबॉलमध्ये तर क्रिकेटपेक्षा जास्त वेळ काहीच घडत नाही, पिचर (त्यांचा बोलर) टोपी नीट करतो, थुंकतो, कॅचरशी (त्यांचा विकेटकीपर) खाणाखुणा, पुन्हा टोपी. मॅकनामी ते सगळं सांगायचा. आकाश कसं आहे, गर्दी कुठे वाढलीय, कुणी कसली हॅट घातलीय. १९२५ च्या सीरिजनंतर त्याला पन्नास हजार पत्रं आली. रिंग लार्डनर या लेखकानी तेव्हा मारलेला टोमणा अजून सांगतात, की आज इथे दोन मॅच झाल्या, एक मी बघत होतो ती आणि दुसरी मॅकनामी सांगत होता ती.

टोमणा म्हणून ठीक आहे, पण मला लार्डनरपेक्षा ती पन्नास हजार माणसं बरोबर वाटतात. त्यांनी दुसरी मॅच ऐकली होती, आणि त्यांच्यासाठी तीच एक मॅच होती. अण्णांच्या कॅलेंडरवर जे लिहिलं जायचं ते ब्रेबॉर्नवर काय झालं ते नसून रेडिओवर काय झालं ते असायचं, खरखर होऊन दोन चेंडू ऐकू आले नाहीत तर त्या जागी अण्णा प्रश्नचिन्ह काढायचे.

मालक लोकांना मात्र या दुसऱ्या मॅचची भीती वाटायची. घरबसल्या फुकट ऐकायला मिळालं तर तिकीट कोण काढणार, असं साधं गणित. शिकागोच्या कब्ज टीमचे मालक रिगली (हो, च्युइंगमवाले) यांनी उलटा विचार केला, या आणि सांगा, जितकी स्टेशनं येतील तितकी बरी, ही तर फुकटची जाहिरात. १९२४ पासून शिकागोत हॅल टॉटन सारखे लोक सीझनभर रोजच्या मॅच सांगायला लागले, आणि १९२७ ला कब्ज ही नॅशनल लीगमधली (मेजर लीगच्या दोन गटांतला एक) दहा लाखांवर प्रेक्षक आणणारी पहिली टीम झाली. रेडिओमुळेच असं छातीठोक म्हणता येणार नाही पण रेडिओनी तिकीटं बुडवली नाहीत हे तरी दिसलंच. न्यूयॉर्कच्या तिन्ही टीमना (जायंट्स, यांकीज आणि ब्रुकलिन) मात्र ते दिसलं नाही, त्यांनी मिळून १९३४ पासून पाच वर्षं रेडिओवर चक्क बंदी घातली होती. एवढं मोठं शहर आणि आपल्याच टीमची मॅच रेडिओवर नाही.

आमच्या पिट्सबर्गात तर कोर्टकचेरीच झाली. पायरेट्सनी कॉमेंट्रीचे हक्क विकले, घेणारी कंपनी कॉर्नफ्लेक्ससारख्या धान्याच्या पदार्थांची. केक्यूव्ही नावाच्या दुसऱ्या स्टेशननी काय केलं, फोर्ब्स फील्डच्या बाहेर, जिथून आतलं दिसेल अशा जागी आपली माणसं ठेवली आणि ते बघून मॅच सांगायला सुरुवात केली. तिकीट नाही, हक्क नाही. मला तर हे ऐकून गावाकडे झाडावर चढून कुस्त्या बघणारी पोरंच आठवली. १९३८ ला कोर्टानी सांगितलं की मॅचची बातमी ही ज्यानी मॅच भरवली त्याची मालमत्ता आहे, तेव्हा हे बंद करा. आज टीव्हीच्या हक्कांचे जे अब्जावधींचे व्यवहार होतात त्यांच्या मुळाशी हा असा कुंपणाबाहेरून डोकावण्याचा खटला आहे.

आता तारेची गोष्ट. टीम बाहेरगावी खेळायला गेली की तिथून लाइव्ह कॉमेंट्री करायला लांबची टेलिफोन लाइन लागायची, ती महाग. म्हणून ग्राउंडवर वेस्टर्न युनियनचा तारमास्तर बसायचा, आणि प्रत्येक चेंडूला कट्ट कडकट्ट. इकडे स्टुडिओत दुसरा तारमास्तर ते उतरवून चिठ्ठी सरकवायचा. चिठ्ठीवर काय, तर ‘एस वन सी’. म्हणजे पहिला स्ट्राइक (असे तीन झाले की बॅटर आउट), बॅटरनी बॅट न फिरवता नुसता सोडलेला. एवढंच. या तीन अक्षरांतून अनाउन्सरनी पिचरचा हात, बॅटरचं वैतागणं, कॅचरच्या ग्लव्हचा आवाज, खाली घसरलेला ऊन-सावलीचा पट्टा, सगळं तयार करायचं. कुणी माइकजवळ पेन्सिल लाकडावर आपटून बॅटचा आवाज काढायचा, कुणी गर्दीची रेकॉर्ड लावून ठेवायचा आणि होम रन (आपल्या सिक्सरसारखा, चेंडू थेट कुंपणापार) झाला की तिचा आवाज वाढवायचा. बंद खोलीत, शर्टाच्या बाह्या वर करून, चारशे मैलांवरची मॅच.

यातला पिट्सबर्गचा उस्ताद म्हणजे रोझी रॉझवेल, १९३६ पासून जवळजवळ वीस वर्षं पायरेट्सचा आवाज. पायरेट्सच्या बॅटरनी चेंडू उंच मारला की हा ओरडायचा, मिनीमावशी, खिडकी उघड, येतोय बघ! (आँट मिनी असं म्हणायचा तो, पण आँटचं मावशीच होणार ना.) आणि मग काच खळ्ळकन फुटल्याचा आवाज. मावशीला काही वेळेवर खिडकी उघडता यायची नाही, बिचारीची दर वेळी काच फुटायची. काच कुठली, स्टुडिओत शेजारी एक ट्रे असायचा त्यात नट, बोल्ट, डबे, भंगार भरलेलं, मदतनीसानी तो वरून खाली टाकायचा. हे काम पुढे काही वर्षं बॉब प्रिन्स करायचा, जो नंतर स्वतः पायरेट्सचा मोठा कॉमेंटेटर झाला. आमच्याकडे मोठे गवई आधी गुरूच्या घरी पाणी भरायचे म्हणतात, इथे भंगाराचा ट्रे. मला फक्त एक प्रश्न पडतो, ते नट-बोल्ट परत गोळा कोण करत असेल, आणि ट्रे भरायच्या आत दुसरा होम रन झाला तर?

तारेच्या गोष्टीतला सगळ्यात प्रसिद्ध माणूस तर पुढे अमेरिकेचा अध्यक्षच झाला. रोनाल्ड रेगन १९३० च्या दशकात आयोवातल्या डे मॉइन शहरात डब्ल्यूएचओ स्टेशनवर कब्जच्या मॅच अशाच तारेवरून सांगायचे. एकदा नवव्या म्हणजे शेवटच्या इनिंगला, मॅच रंगात, पिचरनी चेंडू टाकलाय असं बोलून झालं आणि चिठ्ठी आली, तार तुटलीय. आता? खरं सांगितलं तर लोक दुसऱ्या स्टेशनवर जाणार, तीच मॅच तिकडेही चालू आहे. काहीतरी बनवून सांगावं तर तार जोडल्यावर खोटं पडणार. रेगनना आठवलं की बेसबॉलमध्ये एकच गोष्ट अशी आहे जी पेपरातल्या स्कोअरकार्डात कुठेच येत नाही, ती म्हणजे फाउल, बॅटला लागून रेषेबाहेर गेलेला चेंडू. दोन स्ट्राइक झाल्यावर बॅटर कितीही फाउल मारू शकतो, आउट नाही, रन नाही, हिशोबात काही फरक नाही. मग काय, यांचा बॅटर फाउल मारत सुटला. एक डावीकडे, एक मागे, एक चेंडू प्रेक्षकांत गेला त्यावरून दोन पोरांची मारामारी लावून दिली, एक तर होम रन होता होता थोडक्यात फाउल. सहा-सात मिनिटं हे चाललं. तार जोडली गेली, चिठ्ठी आली आणि रेगनना हसू आवरेना, कारण खऱ्या मॅचमध्ये तो बॅटर पहिल्याच चेंडूवर उंच उडवून आउट झाला होता.

हा किस्सा ते आयुष्यभर सांगत राहिले आणि त्यातही गंमत अशी की बॅटरचं नाव कधी ऑगी गॅलन असायचं, कधी बिली जर्जेस. थापेच्या गोष्टीलाही थोडी थाप लागतेच बहुतेक.

सगळेच असे नव्हते हेही सांगायला हवं. रेड बार्बर हा दक्षिणेतल्या मिसिसिपीत जन्मलेला, गोड, सावकाश बोलणारा माणूस. १९३४ ला सिनसिनाटीत नोकरी लागली आणि आयुष्यात बघितलेली पहिली मेजर लीग मॅच हीच त्यानी स्वतः सांगितलेली पहिली मॅच. न्यूयॉर्कची ती बंदी १९३९ ला ब्रुकलिननी मोडली तेव्हा तिथे याला नेलं. बार्बरला पेन्सिल आपटणं मान्य नव्हतं. तो तारेचं यंत्र माइकजवळ ठेवायचा, कट्ट कडकट्ट लोकांना ऐकू जाऊ दे, मी इथे खोलीत बसून चिठ्ठी वाचतोय हे त्यांना कळू दे. सज्जन माणूस. खरं सांगू, मला कौतुक बार्बरचं वाटतं, पण रेडिओ लावायचा असता तर मी रॉझवेलचा लावला असता.

बार्बरची एक युक्ती मात्र मी आमच्या आकाशवाणीला पोस्टकार्डावर लिहून कळवली असती. तो माइकशेजारी अंडं उकडायचं तीन मिनिटांचं वाळूचं घड्याळ ठेवायचा. वाळू संपली की स्कोअर सांगायचा आणि घड्याळ उलटं करायचा. ज्यांनी मध्येच रेडिओ लावलाय त्यांना थांबावं लागू नये म्हणून. अण्णा ऑफिसातून सायकलवर येऊन, बूट न काढता रेडिओ लावायचे आणि कॉमेंटेटर साहेब कुणाच्या तरी कव्हर ड्राइव्हचं वर्णन करण्यात रंगलेले, आणि अण्णा रेडिओला हात जोडून म्हणायचे, अहो स्कोअर सांगा की हो!

आता पुन्हा भिंतीकडे. १९६० ची ती मॅच म्हणजे वर्ल्ड सीरिजची सातवी, शेवटची. पायरेट्स विरुद्ध यांकीज, ९-९ अशी बरोबरी, नववी इनिंग, पायरेट्सचा बिल मॅझरॉस्की बॅटिंगला. यांकीजचा पिचर राल्फ टेरी. दुसऱ्या चेंडूवर होम रन, दुपारी ३ वाजून ३६ मिनिटांनी, मॅच आणि सीरिज दोन्ही खलास. रेडिओवर चक थॉम्पसन होता, हातखंडा कॉमेंटेटर, आणि त्या आयुष्यातल्या सगळ्यात मोठ्या क्षणी त्यानी पिचरचं नाव चुकवलं. टेरीच्या जागी आर्ट डिटमार म्हणाला. डिटमार तेव्हा पिचिंग करतच नव्हता. वर उत्साहाच्या भरात स्कोअर सांगितला १०-०, आणि मग सावरून १०-९. ही कॉमेंट्री पुढे १९८० च्या दशकात बिअरच्या एका जाहिरातीत वाजली तेव्हा बिचारा डिटमार कोर्टात गेला, मी न टाकलेल्या चेंडूनी माझी बदनामी होतेय म्हणून. हरला.

या मॅचचं पूर्ण चित्रीकरण कित्येक वर्षं कुणाकडे नाही असंच समजत होते. पायरेट्सच्या मालकांपैकी एक होता गायक बिंग क्रॉस्बी. त्याला मॅच बघायचं टेन्शन सहन होईना म्हणून तो पॅरिसला गेला आणि तिथे रेडिओवर ऐकत बसला, पण जायच्या आधी टीव्हीवरचं चित्रण करून ठेवायची सोय करून गेला. ती रिळं २००९ मध्ये त्याच्या घरात सापडली, वाइन ठेवायच्या तळघरात. २०१० ला पिट्सबर्गात थिएटरमध्ये दाखवली. म्हणजे आता बघता येते ती मॅच, नीट, पिचर टेरीच आहे हे डोळ्यांना दिसतं.

तरी भिंतीपाशी अजून रेडिओच लावतात, चुकांसकट.

मागच्या वर्षी मी खुर्ची घेऊनच गेले. शेजारी एक आजोबा होते, मॅझरॉस्कीचा होम रन लागला तेव्हा ते आठवीत होते आणि शाळेत मास्तरांनी वर्गात रेडिओ लावला होता असं सांगत होते. साडेतीन वाजत आले तशी कुजबुज थांबली. थॉम्पसन म्हणाला, डिटमार. आजोबा आणि मागच्या दोन-तीन रांगा पुटपुटल्या, टेरी. अगदी हळू, आरतीत कुणी चुकीचं कडवं सुरू केलं की बाजूचा बरोबर शब्द म्हणतो ना, तेवढ्या हळू. आणि मग सगळे ओरडले.

ते सगळं मी फोनवर रेकॉर्ड केलं आणि अण्णांना व्हॉट्सॲपवर पाठवलं. अण्णांना बेसबॉलचं ओ की ठो माहीत नाही, इंग्रजीही रेडिओवरचं हल्ली नीट ऐकू येत नाही. मी खाली काही लिहिलंही नव्हतं. सकाळी उठले तर त्यांचा व्हॉइस मेसेज, मागे कुकरच्या शिट्ट्या:

“ऐकला गं दोनदा. आधी दहा-शून्य म्हणाला, मग दहा-नऊ म्हणतोय. नक्की काय लिहू?”